हे काय, आलंच

युटातल्या मोआबहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठला बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात सकाळचे साडेसात, म्हणजे पर्वती चढून उतरून झालेली, हातात चहाचा कप आणि निम्मा चेहरा स्क्रीनच्या बाहेर. "मग? बघितली का ती कमान?" निघायच्या आधी मीच त्यांना शेजारच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो पाठवला होता, युटाच्या प्लेटवर ती डेलिकेट आर्च नावाची दगडाची कमान असते ना, आणि खाली लिहिलं होतं की मुलांना घेऊन इथे चाललोय. मी पटकन म्हणाले, "हो बाबा, बघितली की." आणि टेबलाखाली लेगो जमवत बसलेला थोरला तिथूनच ओरडला, "नो आजोबा! आईने नाही बघितली. वी केम बॅक."

बाबा हसले. मग धाकटीने फोन ओढला, छताचा पंखा दाखवला, विषय संपला.

नवरा म्हणाला, एवढं काय त्यात, व्ह्यूपॉइंटवरून दिसली होती की. ते खरंच आहे. पण भांडी लावताना सारखं तेच मनात येत होतं. मला खोटं बोलायची गरज काय होती? बाबा काय परीक्षा घेणार होते? आणि जास्त लागलं ते हे की पोराने ज्या आवाजात ते सांगितलं तो चुगलीचा आवाज नव्हताच. सवयीचा होता. आई असं बोलते, त्यात काय, असा.

तर झालं असं होतं. ऑक्टोबरात शाळेला चार दिवसांची सुट्टी आली, आणि आम्ही डेन्वरमध्ये सहा वर्षं काढून अजून साडेपाच-सहा तासांवरचं मोआब पाहिलेलं नाही याची लाज वाटत होती. मुलगा सहाचा, मुलगी तीनची. गाडीत कुकर (हो, मोटेलवर नेतो आम्ही कुकर, हसा), मेतकूट, दशम्या, दोन पाण्याचे कॅन आणि जागोजागी पेरून ठेवलेले ओले वाइप्स. ग्रँड जंक्शननंतर सगळं करडं, सपाट, कंटाळवाणं होतं आणि मग सिस्कोच्या पुढे नदीकाठच्या १२८ नंबरच्या रस्त्याला लागलो की कोलोरॅडो नदी एका बाजूला, आणि दोन्हीकडून लाल भिंती अंगावर येतात. मी म्हणाले अरे बघा बघा, आणि नेमकी तेव्हाच मागून धाकटी ओकली. म्हणजे ज्या रस्त्याचे लोक ड्रोनने व्हिडिओ काढतात तो आम्ही रस्त्याकडेला उभं राहून कारसीट पुसत पाहिला. पण खरं सांगू, त्यामुळेच नीट पाहिला. गाडी बंद, वारा नाही, आंबट वास, आणि समोर शंभर माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा उंच लाल कडा, संध्याकाळच्या उन्हात तापलेल्या तव्यासारखा.

तो लाल रंग मला ओळखीचा वाटला. म्हणजे आजोळी तुळशीवृंदावन गेरूने सारवायचे तोच. थोरल्याला सांगितलं की दगडात लोखंड आहे, ते गंजलंय म्हणून लाल, आणि गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा गंजच. कोकणातला जांभा पण त्याच कारणाने लाल. तो म्हणाला, मग आपण गंजाच्या डोंगरात राहतोय का? हो म्हटलं. पुढचे तीन दिवस तो प्रत्येकाला हे सांगत होता, मोटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंना सुद्धा. आणि तो गंज सगळीकडे जातो. मोज्यात, कानात, भातात. परत आल्यावर दोनदा धुऊन पण धाकटीचा पांढरा फ्रॉक अजून गुलाबीच आहे, लहानपणी आजोळहून परत आल्यावर माझे व्हायचे तसा.

पहिला दिवस सगळ्यात छान गेला कारण काहीच ठरवलं नव्हतं. मोआबजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये सँड ड्यून आर्च म्हणून एक जागा आहे, पार्किंगपासून पाच मिनिटं. दोन उंच कातळभिंतींच्या मधून आडवं होऊन आत जायचं, आणि आत थंडगार सावलीत मऊ लाल वाळू, अगदी पिठीसारखी, आणि एका बाजूला गप्प उभी असलेली कमान. मुलांनी कमानीकडे मान वर करून एकदासुद्धा पाहिलं नाही. बूट काढले आणि दोन तास वाळू. मी भिंतीला टेकून बसले होते आणि पाठीला तो दगड गार लागत होता, बाहेर ऊन रणरणत असून. नवऱ्याला माहिती सांगायची हौस आहे, तो सांगत होता की इथे खाली हजारो फूट जाड मीठ आहे, तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र येऊन आटत राहिला त्याचं, आणि वरच्या ओझ्याखाली ते मीठ कणकेसारखं सरकतं. मग वरचा कातळ फुगला, फुगून तडकला, सगळ्या चिरा एका दिशेने समांतर. त्या चिरांमधून पाणी, बर्फ, वारा घुसत राहिले आणि उरल्या या पातळ उभ्या भिंती. त्यांना खालून भोकं पडली की कमान. अशा दोन हजारांच्या वर कमानी आहेत या पार्कमध्ये. थोरल्याने खणता खणता विचारलं, मीठ कुठाय, चाटू का? धाकटीने तोवर चाटून पाहिलं होतंच.

तिथेच थांबायला हवं होतं बहुतेक.

पण मला डेलिकेट आर्च पाहायची होती. मुलांना नव्हती पाहायची, नवऱ्याला चालेल-नाहीतर-राहील होतं, मला पाहायची होती, हे आता कबूल करते. जाऊन येऊन ४.८ किलोमीटर, चढ जेमतेम दीडशे मीटर. पर्वती-सिंहगड केलेल्या माणसाला हा आकडा वाचून काय वाटणार? म्हटलं हे काय, मुलं सुद्धा करतील. दुपारी तीनला निघालो म्हणजे सूर्यास्ताच्या आधी वर. धाकटी नवऱ्याच्या पाठीवरच्या कॅरियरमध्ये, थोरल्याच्या शर्टावर सकाळीच मिळालेला ज्युनियर रेंजरचा बिल्ला. पुस्तिका भरली, रेंजरताईंसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली, तेव्हापासून साहेब ड्यूटीवर. वाटेबाहेर पाय टाकलेला कोणी दिसला की थांबवायचा. तिथली जमीन काही ठिकाणी काळपट खडबडीत दिसते, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी, आणि ती जिवंत असते. सूक्ष्म जीवांनी वाळू धरून ठेवलेली असते, एक पाऊल पडलं तर ते भरून यायला कित्येक वर्षं जातात. हे त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने गंभीरपणे सांगितलं होतं, आणि त्याने तेवढ्याच गंभीरपणे ते घेतलं होतं. मोठी माणसं सांगतात ते खरं असतं, या हिशोबावर त्याची सगळी ड्यूटी चालली होती. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वाटेच्या सुरुवातीलाच एक लाकडी खोपट आहे, वुल्फ रँच. जॉन वेस्ली वुल्फ नावाचा म्हातारा १८९८ मध्ये ओहायोतून इथे आला, यादवी युद्धात पायाला झालेली जखम त्रास द्यायची, कोरडी हवा मानवेल म्हणून, बरोबर एक मुलगा. १९०६ मध्ये त्याची मुलगी फ्लोरा नवऱ्याला आणि दोन लहान मुलांना घेऊन आली आणि बाप ज्या झोपडीत राहत होता ती पाहून हादरलीच. तिने हट्ट धरून नवीन घर बांधून घेतलं, खाली लाकडी जमीन असलेलं. तेच हे उभं आहे. एक खोली. आमच्या गॅरेजपेक्षा लहान. मी दारातून आत पाहत बराच वेळ उभी राहिले. कमानीचं कौतुक तिला किती असेल कोण जाणे, तिने आल्या आल्या आधी जमीन मागितली. दोन पोरं रांगायची-धावायची, लाल माती, विंचू, जवळ दुकान नाही, आणि बाप म्हणतोय हवा छान आहे. १९१० मध्ये सगळे परत ओहायोला गेले. पुढे थोड्या अंतरावर इथल्या मूळच्या यूट लोकांनी दगडावर कोरलेली घोडेस्वारांची आणि मेंढ्यांची चित्रं आहेत. धाकटीने "भूभू" म्हणून त्यांना टाटा केला आणि चढ सुरू झाला.

अर्धा तास बरा गेला. मग तो मोठा उघडा कातळ येतो, अख्खा उतार एकाच दगडाचा, सावली नावाला नाही. वाट अशी नसतेच, मधे मधे दगडांच्या छोट्या लगोऱ्या रचलेल्या असतात, एका लगोरीपासून दुसरी शोधत जायचं. थोरल्याला हे भारी आवडलं, लगोरी दिसली की धावायचा. मग पाच लगोऱ्या झाल्या, दहा झाल्या. "आई अजून किती?" हे काय, आलंच. "आई किती?" तो वरचा कडा दिसतो ना, त्याच्यामागे. कड्यामागे अजून एक कडा. "आई तू म्हणालीस." अरे आता खरंच, शेवटचं वळण. पाणी पी. दशमी खा. जेली बीन खा. शेवटचं वळण. मी अकरा वेळा तरी म्हणाले असेन. आणि मी एकटीच नव्हते हो, वरून खाली येणारा प्रत्येक माणूस पोराकडे बघून तोंडभर हसून म्हणत होता, "ऑलमोस्ट देअर, बडी!" अर्धा डोंगर चढायचा बाकी असताना सुद्धा ऑलमोस्ट देअर. फक्त एक नऊ-दहा वर्षांची मुलगी उतरताना थांबली, त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, अजून बरंच आहे, इट्स किंडा लाँग. तिच्या आईने तिला चिमटा काढला असावा. पण तिच्यानंतर माझा पोरगा पंधरा मिनिटं गपगुमान चालला, हे मी आत्ता लिहिताना आठवतंय.

तर एका जागी वाट कातळाच्या पोटातून आडवी जायला लागते. अरुंद कडा, डावीकडे खोल. वारा सुटला होता. समोर वळण. एक बाई समोरून आल्या, साठीच्या असतील, हातात काठी, म्हणाल्या अगदी या वळणापलीकडे आहे, सोडू नका. आणि थोरला मटकन खाली बसला. समोरच्या वळणाकडे पाठ करून. बूट काढून हातात घेतले आणि म्हणाला, "यू ऑल्वेज से दॅट." मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून बहुधा, "तू खोटं बोलतेस. कमान नाहीच आहे."

मी चिडले. चांगलीच चिडले, आवाज त्या दगडांवर आपटून परत आला, वरून जाणाऱ्या एका जोडप्याने नजर खाली घातली. एवढं घेऊन आलोय तुला, सगळी मुलं चालतायत, रेंजर आहेस ना तू. (रेंजर आहेस ना तू! सहा वर्षांच्या पोराला बिल्ल्याची आठवण करून दिली मी.) धाकटी कॅरियरमध्ये जागी झाली आणि रडायला लागली. नवरा काही बोलला नाही, त्याने फक्त कड्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग माझ्याकडे. आणि मी म्हणाले चला, परत जाऊ. आणि इथे जे मला सगळ्यात टोचतं ते हे, की त्या काठीवाल्या बाई तोंडावर सांगून गेल्या होत्या आणि माझा पण विश्वास बसला नव्हता. तोपर्यंत मी पण तेच ऐकत आले होते ना, ऑलमोस्ट देअर.

उतरताना मला सिंहगड आठवत होता. बाबा दर दोन-तीन रविवारी न्यायचे, स्वारगेटहून बस, आतकरवाडीत उतरून चालत. त्यांचं पण हेच, "हे काय, आलंच." पण त्यांच्याकडे टॉवर होता. वर दूरदर्शनचा टॉवर आहे ना, तो खालपासून दिसतो, बाबा बोट दाखवायचे, तो टॉवर दिसतो ना, तिथं जायचं. मग वर गेलं की मडक्यातलं दही, कांदाभजी, पिठलं-भाकरी, देवटाक्याचं गार पाणी. दिसत असलं की माणूस चालतो, असं मी माझ्या मनाशी धरून ठेवलं. इथे गोची अशी आहे की ही कमान शेवटच्या पावलापर्यंत दिसतच नाही. कातळाच्या आड लपलेली असते, वळण संपतं आणि एकदम समोर येते. ज्यांनी पाहिली ते सगळे त्याबद्दलच बोलतात, ते एकदम समोर येणं. पण सहा वर्षांच्या माणसाने काय धरून चालायचं? नुसता आईचा शब्द, आणि तो तर मी खाली पहिल्या लगोरीपाशीच खर्चून टाकला होता.

रात्री मोटेलवर मुलं झोपल्यावर कुकरमधली उरलेली खिचडी खात मी त्या वाटेचा कुणाचातरी व्हिडिओ लावला. माणूस चालतोय, चालतोय, मग तो आडवा कडा, तीच पिळवटलेली जुनिपरची फांदी, तीच जागा. आणि तिथून दोनशे यार्ड. मोजून तीन-चार मिनिटं. वळण, आणि १६ मीटर उंच ती कमान, एकटीच, वाटीसारख्या खडकाच्या काठावर. मी आवाज बंद करून तीनदा पाहिलं. नवऱ्याला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी गाडीने जाऊन तो खालचा व्ह्यूपॉइंट केला. पार्किंगपासून दोन मिनिटं सपाट, तिथून ती दीड किलोमीटरवर दिसते, कड्यावर ठेवलेल्या बांगडीच्या तुकड्याएवढी. थोरल्याने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. मी वाट पाहत होते, म्हणजे नक्की कशाची माहीत नाही, सॉरी म्हणेल अशी असेल. तो म्हणाला, "इट लुक्स लाइक पँट्स." पुढे नवऱ्याने वाचून सांगितलं की इथले जुने काउबॉय पण तिला मास्तरीणबाईंचा लेंगाच म्हणायचे, त्यावर तो गाडीत लोळला. मी म्हणाले, बघ, होती की नाही कमान? तो म्हणाला, हो, बट नॉट व्हेअर यू सेड.

जाता जाता लँडस्केप आर्चपाशी थांबलो, नव्वदेक मीटर लांब आणि मधे इतकी पातळ की खाली उभं राहायची इच्छा होत नाही, आणि उभं राहू देत पण नाहीत. १९९१ मध्ये तिच्या पोटातून साठ फुटांची शिळा निखळून पडली, तेव्हापासून खालची वाट बंद. त्याच्या पुढची वॉल आर्च तर २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत कोसळली. थोरल्याने विचारलं, ही कधी पडणार? तोंडात आलं होतं, नाही रे, नाही पडत. मग म्हणाले, माहीत नाही. कधीपण पडेल. तो खूश झाला आणि पाच मिनिटं टक लावून बसला, आत्ताच पडते का बघायला.

परतीच्या रस्त्यात ग्लेनवुडच्या घळीतून जाताना धाकटीने विचारायला सुरुवात केली. घर आलं? घर आलं? अजून तीन तास होते. मी ठरवून गप्प बसले, म्हटलं आता खरं काय ते सांगू, तीन तास म्हणजे किती ते तिला कसं सांगावं याचा विचार करत होते. तेवढ्यात थोरला खिडकीतून बाहेर बघत, तिच्याकडे न पाहता, म्हणाला, "आलंच. त्या डोंगराच्या मागे." नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. धाकटी म्हणाली ओके, आणि झोपली.

काल रविवार होता. मी बाबांना परत फोन लावला आणि सगळं सांगितलं, दोनशे यार्ड, व्हिडिओ, आवाज चढवला ते पण. म्हटलं बाबा, तुमचं बरं होतं, तुम्हाला टॉवर होता, मी कशी टॉवर बघत बघत चढायचे. बाबा थोडा वेळ गप्प. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "अगं तू कुठे चढलीस? पहिल्या वेळी वाटेतल्या मेटापासूनच परत आलो आपण. ताक पिऊन. वर गेलो ते दोन वर्षांनी." मी म्हटलं शक्यच नाही, मला दही आठवतंय, मडकं आठवतंय. "ते नंतरचं," बाबा म्हणाले. "पहिल्या वेळी तू पाचची होतीस. एक तास चाललो तरी टॉवर तेवढाच लांब दिसतोय म्हणून इतकी चिडलीस, इतकी चिडलीस, की त्याच्याकडे पाठ करून बसलीस. उठेचना. तुझी आई माझ्यावर ओरडली, सारखं आलंच आलंच कशाला करता म्हणून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ताक घेतलं. तुझ्या फ्रॉकवर सांडलं ते. खाली उतरताना विचारत होतीस, बस कधी येणार."